शोभेची सरस्वती

मुलुंडला आत्याच्या घरी, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर एक सरस्वती बसलेली असे. वीतभर उंचीची, चिनीमातीची, चार हातांची. तिच्या एका बाजूला काश्मीरहून आणलेला अक्रोडाच्या लाकडाचा शिकारा आणि दुसऱ्या बाजूला आतेभावाला वक्तृत्वस्पर्धेत मिळालेला पेला. गिरगाव-दादर सोडून उपनगरांत राहायला गेलेल्या मध्यमवर्गीय घरांत असे एक कपाट बहुधा असायचेच आणि त्याला सगळे ‘शोकेस’ म्हणत. देवघर आत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. शोकेस बाहेर, आल्यागेल्याच्या नजरेसमोर. या दोन जागांमध्ये फार तर दहा-बारा पावलांचे अंतर होते. मी नऊ वर्षांचा असताना दसऱ्याच्या दिवशी आतेभावाने विचारले, ‘‘आई, यंदा सरस्वती का नाही काढलीस?’’ पाटीला हळदकुंकू वाहता वाहता आत्या म्हणाली, ‘‘अरे, ती शोभेची आहे. जर्मनीची. तिला कशाला पूजेत?’’

ते उत्तर ऐकून मला सुटल्यासारखे वाटले होते. का, ते पुढे येईलच. पण वाक्य मनात राहून गेले. पुढे मी अंधेरीच्या एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवू लागलो, तेव्हा ग्रीक-रोमन देवतांचे उल्लेख आले की हे वाक्य हटकून कामी येई. इंग्रजी कवितेतला अपोलो किंवा व्हीनस यांच्याकडे कसे पाहावे, असे विद्यार्थी विचारत, तेव्हा मी सांगत असे, की या देवता शोकेसमधल्या आहेत, देवघरातल्या नव्हेत. वर्ग हसे आणि मुद्दा पोचे. आत्याचे ते वाक्य मी असे तीस वर्षे वापरले आणि त्याचा अर्थ आपल्याला समजला आहे, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

गेल्या वर्षी आत्या गेली. इमारत पुनर्विकासाला गेलेली, आतेभाऊ परदेशात, आणि मी घाटकोपरला, म्हणजे लोकलने जेमतेम वीस मिनिटांवर. घर रिकामे करायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. सरस्वती वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर धरून मी घरी आणली. टेबलावर ठेवण्याआधी उलटी करून पाहिली. तळाशी हवा जाण्यासाठी ठेवलेले एक छिद्र, आणि त्याच्याशेजारी पुसट रोमन अक्षरांत शिक्का : मेड इन जर्मनी.

या शिक्क्यालाही इतिहास आहे. १८८७ साली ब्रिटनने व्यापारी चिन्हांचा कायदा केला. स्वस्त जर्मन माल इंग्रजी माल म्हणून खपवला जाऊ नये, हा त्याचा एक उद्देश. हिंदुस्थानातही १८८९ साली तशाच स्वरूपाचा कायदा आला. कमीपणा दाखवण्यासाठी लावलेला हा शिक्का पुढे चांगल्या मालाची खूण ठरला, हा भाग वेगळा. आत्याच्या सासऱ्यांनी ही मूर्ती गिरगावात असताना घेतली होती, एवढेच घरात सांगितले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अशा लक्ष्मी, सरस्वती, मुरलीधर कृष्ण जर्मनीत घडवले जाऊन आपल्या बाजारात येत. आजही जुन्या वस्तूंच्या लिलावांत ते अधूनमधून दिसतात. ज्या कारागिरांनी ते घडवले, त्यांच्यामागे देवांच्या बाहुल्या करण्याची दीडदोनशे वर्षांची परंपरा उभी होती. ती थोडी पाहिल्याशिवाय ही सरस्वती नीट दिसत नाही.

युरोपला चिनीमातीचे रहस्य फार उशिरा उलगडले. आपण तिला चिनीमाती म्हणतो आणि इंग्रज नुसतेच चायना; दोन्ही नावांत तिचे मूळ गाव शाबूत आहे. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्टस याने बॉटगर नावाच्या एका किमयागाराला सोने करून दे म्हणून कोंडून ठेवले होते. सोने काही झाले नाही. पण १७०८च्या सुमारास पांढरी, कणखर चिनीमाती साधली आणि १७१० साली माइसनचा कारखाना उभा राहिला. १७३१ मध्ये तिथे केंडलर हा शिल्पकार आला आणि त्याच्या हातून अपोलो, नऊ कलादेवता, व्हीनस, बाकस अशा देवतांची रांगच्या रांग बाहेर पडू लागली. त्यांची जागा कुठे, तर जेवणाच्या मेजावर. दरबारी मेजवान्यांत शेवटच्या गोडाच्या वेळी साखरेची शिल्पे मांडण्याची जुनी रीत होती. साखर विरघळे, तुटे, मुंग्या लागत. तिची जागा चिनीमातीने घेतली. ऑलिम्पस पर्वतावरचे देव असे फळांच्या आणि मिठाईच्या ताटांमध्ये येऊन बसले.

पुढे फ्रान्समध्ये सेव्हरच्या कारखान्याने झिलई न देता नुसतीच भाजलेली पांढरी चिनीमाती पुढे आणली. तिला बिस्किट म्हणतात आणि ती संगमरवरासारखी दिसते. फाल्कोने या शिल्पकाराचा ओठांवर बोट ठेवून बसलेला मदन तिथे १७५८ साली चिनीमातीत आला आणि पुढे असंख्य वेळा घडवला गेला. दरम्यान १७३८ पासून हर्क्युलेनियम आणि १७४८ पासून पॉम्पेई खणून काढण्याचे काम सुरू झाले होते. प्राचीन म्हणजे पांढरे, शांत, संयत अशी एक समजूत रूढ होत होती. मूळच्या ग्रीक मूर्ती रंगवलेल्या असत, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे रंग उडालेल्या देवांची पांढरी नक्कल करून ती शुद्ध मानली गेली. इंग्लंडमध्ये वेजवुडने १७६९ साली आपल्या नव्या कारखान्याला एट्रुरिया असे प्राचीन इटलीतले नाव दिले. त्याची निळ्यावर पांढऱ्या उठावाची भांडी काटेकोर अर्थाने चिनीमातीची नव्हेत, पण त्यांवरही तेच देव. गंमत अशी, की या साऱ्या प्राचीनप्रेमाचा जो आद्य आचार्य, त्या विंकेलमानला चिनीमातीच्या मूर्ती आवडत नसत. एवढ्या सुंदर पदार्थाच्या हास्यास्पद बाहुल्या केल्या जातात, अशी त्याची तक्रार होती.

या सगळ्या देवांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्यापुढे हात जोडणारे कोणी उरले नव्हते. त्यांची देवळे ओस पडून हजाराहून अधिक वर्षे झाली होती. व्हीनस पडून फुटली तर नुकसान होई, पाप होत नसे. देव शोभेचा होण्यासाठी भक्त निघून जावे लागतात, असा सिद्धान्त मी या आधारावर वर्गात मांडत असे. आणि त्याला जोडून विचारत असे, की आपल्याकडे ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि ‘युगान्त’ (१९६७) यांनी महाभारतातल्या व्यक्तींना माणसे म्हणून वाचायला शिकवले, तेव्हा आपणही त्यांना देवघरातून बाहेर काढले का? वर्गात दोन तट पडत. दुर्गाबाई आणि इरावतीबाई यांच्या लेखनात एक कडवी जवळीक आहे. शोकेसमधल्या वस्तूशी कोणी असे भांडत नाही. तेव्हा माझा सिद्धान्त तिथेच जरा डळमळायला हवा होता. पण शिक्षकाला हातखंडा उदाहरण सोडवत नाही.

आता आमच्या सरस्वतीकडे. ती कोणाची, हे पाहताक्षणीच कळते. ती रविवर्म्याची आहे. खडकावर बसलेली, मांडीवर वीणा, मागच्या दोन हातांत माळ आणि पोथी, पायाशी मोर. बडोद्याचे दिवाण राहिलेले टी. माधवराव यांनी १८८४ साली रविवर्म्याला सुचवले होते, की चित्रांना मागणी एवढी आहे तर ती युरोपला पाठवून तैलचित्रासारख्या छापील प्रती काढाव्यात. रविवर्म्याने पुढे जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ इकडे आणून १८९४ साली मुंबईत स्वतःचा छापखानाच काढला. त्याच्या सुरुवातीच्या जागांमध्ये आमच्या घाटकोपरचे नाव येते. १८९९ साली, प्लेगच्या त्या काळात, तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतरच्या दोनचार वर्षांत फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. आजच्या घाटकोपरच्या गर्दीत, मेट्रोच्या जिन्यावर लोटले जात असताना, लक्ष्मी-सरस्वतीच्या चेहऱ्यांचे दगडी छाप एके काळी इथे कुठे तरी ओले होत असतील, हे मनात आणायला प्रयास पडतात. पण त्या छापांनीच देवांना दलाल आणि दुकानदारांच्या हाती देऊन घरोघर नेले. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्या भिंतीवरही देव आला, ही त्यातली मोठी गोष्ट.

आमची सरस्वती या छापावरून घडलेली आहे, आणि छापावरून घडल्याच्या खुणा तिच्या अंगावर आहेत. अशी मूर्ती घडते ती प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून. धड, हात, वीणा वेगवेगळे ओतायचे आणि मातीच्याच रबडीने जोडायचे. भट्टीत तेराशे-चौदाशे अंशांपर्यंत उष्णता जाते आणि मूर्ती सुमारे एक षष्ठांशाने आक्रसते. मोकळे पसरलेले हात भाजताना वाकतात, म्हणून त्यांना टेकू द्यावे लागतात. दोन हातांच्या मेंढपाळणी करून सरावलेल्या कारागिराला चार हात ही मोठीच कटकट वाटली असणार. मागचे दोन हात त्याने कोपरापाशी जोडले आहेत. जोडरेघ अजून दिसते. गालांवर गुलाबी गोल आहेत, ते रविवर्म्याचे नव्हेत, ते मेंढपाळणींचे. पण खरी मौज पाठीला आहे. छापील चित्रात सरस्वतीची पाठ नाही. समोरचे सगळे जर्मन कारागिराने चित्रावरून घेतले. मागे वळल्यावर त्याला विचारायला कोणी नव्हते. मग त्याने आपल्या ओळखीच्या बाईचा असावा तसा एक नीटस अंबाडा घातला आणि साडीऐवजी झग्यासारख्या सरळ चुण्या उतरवल्या. समोरून बडोदा आणि पाठीमागून जर्मनी. आणि ही पाठ पन्नास-साठ वर्षे मुलुंडच्या भिंतीकडे होती.

अशा मूर्तीला आपल्या परंपरेत जागा कुठे? भागवताच्या अकराव्या स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात, प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत : दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनात कल्पिलेली. ज्या स्कंधावर नाथांनी १५७३ मध्ये काशीत आपली टीका पूर्ण केली, तोच हा स्कंध. यादीत चिनीमाती नाही. पण यादीचा रोख पाहिला तर ती असती तरी बिघडले नसते. वाळू आणि रत्न एकाच पंक्तीला बसवणाऱ्या आणि शेवटी पदार्थच काढून टाकून निव्वळ मनाला प्रतिमा म्हणणाऱ्या विचाराला माइसन किंवा मळवली यांची अडचण वाटण्याचे कारण नाही. पदार्थ कोणता आणि घडवणारा कोण, यावर देवत्व ठरत नाही; आवाहन कोण करतो, यावर ठरते. शाडूचा गणपती दीड दिवस देव असतो आणि मग पुन्हा माती. त्याच न्यायाने जर्मनीची बाहुली दसऱ्याच्या सकाळी सरस्वती होऊ शकते. आत्याकडे ती होत असे, हेही मी विसरलो नव्हतो. दर दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली जाई, पाटीशेजारी आमची पुस्तके, आणि पुस्तकांवर शोकेसमधून उतरवलेली ही. आतेभावाने ‘यंदा’ म्हटले होते ते त्यामुळे.

आता ते सांगायला हवे. त्या वर्षी मेच्या सुट्टीत मी आत्याकडे राहायला होतो. दुपारी सगळे झोपले असताना शोकेसची काच सरकवून मी सरस्वती बाहेर काढली. मला मोराचा पिसारा पाहायचा होता. परत ठेवताना माळेचा हात काचेच्या कडेला लागला आणि कोपरापाशी, जोडरेघेवर, टक्‌ करून निघाला. जमिनीवर पडून तो फुटलाही नाही. मी तो पायाच्या बोटाने कपाटाखाली लोटला, सरस्वती किंचित तिरपी करून तुटकी बाजू शिकाऱ्याच्या आड केली आणि काच लावली. संध्याकाळी कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या सुट्टीत नाही. दसऱ्याला मात्र ती खाली उतरणार आणि सगळे उघड होणार, या भीतीत मी पाच महिने काढले. आणि मग आत्याने ते वाक्य उच्चारले. ती जर्मनीची, शोभेची. माझी सुटका झाली ती एका योगायोगाने, असे मी धरून चाललो. आत्याने नेमके त्याच वर्षी परदेशी वस्तू पूजेत न ठेवण्याचे ठरवले होते आणि तुटलेला हात तिच्या लक्षातही आला नव्हता.

देवघर मी सगळ्यात शेवटी आवरले. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आतेभावाच्या सांगण्यावरून वेगळे काढले. खालच्या खणात जुन्या पोथ्या, वातींचा कापूस, ताम्हन-पळी, आणि एक पितळी कुंकवाची डबी होती. डबीत कापसाच्या घडीत ठेवलेला तो हात होता. करंगळीच्या दोन पेरांएवढा, बोटांत माळ धरलेला. त्याला कुंकू लागले होते. डबी कुंकवाची असल्यामुळे ते लागणारच. त्यावरून काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की तो तिला सापडला होता. आत्या रोज सकाळी शोकेसखालून झाडू फिरवत असे. म्हणजे मी लोटल्यानंतर दुसऱ्याच दिवशी तो तिच्या हाती आला असणार.

भग्न मूर्तीची पूजा करत नाहीत, तिचे विसर्जन करतात, हे आत्याला ठाऊक नव्हते असे शक्य नाही. हात चिकटवताही आला असता. पण चिकटवायचा तर तो तुटला हे घरात बोलावे लागले असते, आणि कोणी तोडला हा प्रश्न आला असता. आतेभाऊ आणि मी, दोघेच मुलगे. तिने यातले काहीच केले नाही. एक वाक्य तयार केले आणि त्या वाक्याने मूर्तीची जागा बदलली. देवता होती तिला शोभेची ठरवले. जर्मनीची म्हणून बाजूला सारले. आणि तुटलेला हात मात्र देवघरात नेऊन ठेवला. मूर्ती शोकेसमध्ये आणि हात देवघरात, अशी ती सरस्वती पुढची सगळी वर्षे घरात दोन ठिकाणी होती.

माझा सिद्धान्त असा, की भक्त निघून गेले की देव शोभेचा होतो. व्हीनसच्या बाबतीत तो खराही असेल. पण ज्या वाक्यावर मी तो उभारला होता, त्या वाक्यात भक्त कुठेही गेलेला नव्हता. आनंदवर्धनाने अलंकारांना अंगावरच्या दागिन्यांची जागा दिली आणि ध्वनीला आत्म्याची. हे मी परीक्षेसाठी पाठ केले, पुढे इतरांना समजावून सांगितले. आणि घरातले एक वाक्य वाच्यार्थाने घेऊन तीस वर्षे व्याख्याने दिली. ‘शोभेची’ या शब्दाचा वाच्यार्थ मूर्तीबद्दल होता. बाकी सगळे त्याच्या पलीकडे होते आणि ते माझ्यासाठी होते.

ओळखीच्या गुरुजींना विचारले. ते म्हणाले, विसर्जन करावे हे उत्तम. मग हातात घेऊन थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘पण ही विरघळायची नाही हो.’’ ते खरेच आहे. तलावाच्या तळाशी गाळात ती शेकडो वर्षे जशीच्या तशी पडून राहील, गालांवरच्या गुलाबी गोलांसकट. साखरेला कंटाळून युरोपने जो पदार्थ पत्करला, त्याचा हाच गुण.

आतेभावाचा फोन आला तेव्हा त्याने विचारले, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवलीस का. मी म्हटले, एक हात तुटलेला आहे, त्यामुळे फारसे काही येणार नाही. त्याला आश्चर्य वाटले. ‘‘हात? कधी तुटला?’’ मग मी त्याला सगळे सांगितले; मेची सुट्टी, मोर, कपाटाखाली लोटलेला हात, कुंकवाची डबी. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘म्हणजे त्या दसऱ्याला आई मला खोटं सांगत होती.’’

मी म्हटले, ‘‘हो, दादा.’’

‘‘मग नको विकूस,’’ तो म्हणाला. ‘‘असू दे तुझ्याकडे.’’

ती आता माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. हात चिकटवलेला नाही. तो डबीतच, तिच्याशेजारी आहे. येत्या दसऱ्याला पाटी काढू, तेव्हा तिला खाली उतरवायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही.